कॅमेरा बंद असतानाही

ऑक्टोबर 2025मध्ये लायकाने ‘एम ईव्ही1’ आणला. घडण एम मालिकेची, लेन्सही त्याच. पण रेंजफाइंडर काढून तिथे इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर बसवलेला. ‘आता एम संपला’ असा सूर लगेच निघाला. मला उलट वाटतं. ज्यांची नजर वयाने अधू झाली आहे किंवा ज्यांना 90 मिलिमीटरची लेन्स पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर वापरायची आहे, त्यांच्यासाठी वेगळा कॅमेरा निघाला हे उत्तम झालं. सगळं एकाच कॅमेऱ्यात कोंबण्याचा प्रयोग लायकाने याआधी केला होता, आणि तो मला कधीच पटला नाही.

तो 2012चा ‘एम टाइप 240’. त्यात लाइव्ह व्ह्यू आला, वरून लावायचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर आला, व्हिडिओ आला आणि व्हिडिओसाठी वरच्या पट्टीवर एक खास बटणही आलं. कॅमेरा जाड झाला. 2017मध्ये ‘एम10’ काढताना कंपनीने व्हिडिओ काढून टाकला, जाडी सुमारे 4 मिलिमीटरने कमी केली आणि पडद्याशेजारी तीनच बटणं ठेवली. ‘एम11’मध्येही व्हिडिओ परत आला नाही. हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता.

का, ते रेंजफाइंडर कसा चालतो त्यातच आहे. त्याच्या खिडकीतून दिसतं ते लेन्समधून आलेलं चित्र नसतं. समोरचं दृश्य जसंच्या तसं दिसतं, त्यावर फक्त एक उजळ चौकट असते. चौकटीबाहेरून कोण चालत येतंय, हे ती व्यक्ती फोटोत शिरण्याआधीच कळतं. मध्यभागी फिकट चौकोनात दोन प्रतिमा असतात. लेन्सची रिंग फिरवली की आतली छोटी चाकी सरकते. दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. यात पडदा उजळण्याची वाट बघायची नाही, मेन्यू उघडायचा नाही.

किंबहुना डोळा लावायच्या आधीच बरंचसं काम होऊन जातं. 35 मिलिमीटरची लेन्स एफ/8वर ठेवा, फोकस 3 मीटरवर लावा. साधारण 2 ते 7 मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. हे आकडे लेन्सवरच कोरलेले असतात. शटरस्पीड वरच्या चकतीवर. ‘एम10’ने त्यात आयएसओची चकती जोडली: डावीकडची, वर उचलायची आणि फिरवायची. फोटोसाठी लागणारे चारही निर्णय कॅमेरा बंद असताना, बोटांनी घेता येतात. गर्दीच्या बाजारात काम करणाऱ्याला या एका चकतीचा जो उपयोग आहे, तो ‘एम11’च्या 60 मेगापिक्सेलचा नाही.

पण साधेपणाचं सोंगही असतं, आणि ते मला तितकंच खटकतं. 2016च्या ‘एम-डी’ला मागे पडदाच नव्हता, किंमत मात्र पडदा असलेल्या भावंडापेक्षा जास्त. 2018च्या ‘एम10-डी’वर फिल्म ओढण्याच्या खटक्यासारखा एक दांडा दिला, जो अंगठा टेकवण्यापलीकडे काही करत नाही. एप्सनच्या 2004च्या ‘आर-डी1’वरचा दांडा निदान शटर खरोखर चढवत असे. त्या पहिल्या डिजिटल रेंजफाइंडरचा पडदा हवा तेव्हा उलटा करून झाकता येई. पडदा हवा की नको, हे छायाचित्रकारावर सोडलेलं होतं. मला तेच योग्य वाटतं.

नव्या सोयींना माझा सरसकट विरोध नाही. फिल्मच्या काळापासून चालत आलेली तळाची पट्टी ‘एम11’ने 2022मध्ये काढली, बॅटरी आता सरळ बाहेर येते, यूएसबी-सीने चार्ज होते, आत 64 जीबी साठवण आहे. जुन्या चाहत्यांनी त्या पट्टीसाठी हळहळ व्यक्त केली. बॅटरी बदलताना सुटी पट्टी कुठे धरायची हा प्रश्न ज्याला रस्त्यावर पडला आहे, तो हळहळणार नाही. शटर दाबण्याच्या आधी आणि नंतरची कामं सोपी करणाऱ्या अशा सोयी जरूर याव्यात. डोळा आणि दृश्य यांच्या मध्ये येणाऱ्या गोष्टींसाठी दुसरे शेकडो कॅमेरे बाजारात आहेत.

कोणी वापरलेला डिजिटल एम घ्यायच्या विचारात असेल, तर माझं मत ‘एम10’ला. घेण्याआधी रेंजफाइंडर नीट जुळलेला आहे ना, हे दूरच्या एखाद्या उभ्या खांबावर रोखून तपासा, आणि पडद्याकडे सगळ्यात शेवटी बघा.