सात जिभांचा पाद्री आणि मत्रहचे डॉक्टर

दर वर्षी सप्टेंबरच्या 8-9 तारखेला आपल्या बेटावरील माणसे पायी चालत सेंत-क्रुआला पेर लावाल यांच्या समाधीकडे जातात. त्यांत आपल्या मराठी घरांतील माणसेही असतात. कपाळाला कुंकू असलेली आजी तेथे मेणबत्ती लावते, याचे आपणांस नवल वाटत नाही. लावाल हे पाद्री होण्यापूर्वी फ्रान्सात डॉक्टर होते. 1841 मध्ये ते येथे आले, सुटलेल्या गुलामांची क्रिओल बोली शिकले आणि 1864 मध्ये मरेपर्यंत त्यांच्यातच वावरले. त्यांची प्रवचने कोणाला आठवत असतील असे वाटत नाही. माणूस मात्र आठवतो.

तरीही आपल्या बैठकांतून एक वाक्य हमखास ऐकू येते: "मिशनऱ्यांचा दवाखाना म्हणजे गळाला लावलेले आमिष." आम्हीही ते म्हटले आहे, आणि त्यात काहीच तथ्य नाही असे आजही म्हणणार नाही. पण आपल्याच महासागराच्या वरच्या टोकाला, ओमान देशात, जे घडले ते पाहिल्यावर हे वाक्य आम्हांस तितक्या सहजतेने म्हणवत नाही.

लाहोरचे पहिले बिशप थॉमस व्हाल्पी फ्रेंच हे मोठे पंडित. हिंदुस्थानात लोक त्यांना 'हफ्त जबान पाद्री', म्हणजे सात जिभांचा पाद्री, म्हणत. बिशपपद सोडून 1891 च्या फेब्रुवारीत, वयाच्या 66 व्या वर्षी, ते मस्कतला आले. बाजारात उभे राहून ते अरबीत बोलत. ऐकणारे थोडे, मानणारे कोणीच नाही म्हणा ना. मे महिन्यात त्या उन्हाने त्यांचा प्राण घेतला. मस्कतजवळच्या एका चिंचोळ्या खाडीत त्यांची कबर आहे.

त्यांच्या मागून अमेरिकन अरबी मिशनची माणसे आली. पीटर झ्वेमर यांनी गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली 18 आफ्रिकी मुले आपल्या घरी ठेवून घेतली, त्यांची शाळा काढली. 1898 मध्ये तापाने खंगून तेही गेले. पुढे डॉक्टर आले. शॅरन थॉम्स हे 1913 मध्ये मत्रह येथे टेलिफोनची तार ओढण्यासाठी स्वतः खांबावर चढले असता पडून मरण पावले. एवढा शिकलेला डॉक्टर खांबावर कशाला चढला, असे आपल्याकडे कोणीही विचारील. दुसरा चढणारा नसेल, आणखी काय! सेरा हॉसमन या डॉक्टरीणबाईंचा एक पाय लाकडाचा होता. त्या पायावर त्यांनी मस्कतच्या बायकांची बाळंतपणे केली.

शॅरन यांचा मुलगा वेल्स वडील गेले तेव्हा दहाएक वर्षांचा होता. तो डॉक्टर होऊन 1939 मध्ये त्याच ओमानात परतला आणि 1970 पर्यंत तेथेच राहिला. त्या काळी सबंध देशात डांबरी रस्ता दहाएक किलोमीटर, शाळा तीन. डोळ्यांच्या खुपऱ्यांनी माणसे आंधळी होत. गाढवावर, उंटावर रोगी आणावा लागे. मत्रहच्या दवाखान्यात सकाळी बायबल वाचले जाई, हे खरे. पण औषध घेणाऱ्याने धर्म बदलावा अशी अट नव्हती.

आणि धर्म बदलला किती जणांनी? अगदी थोड्यांनी. ऐंशी वर्षे गळ टाकून मासा लागला नाही, तर कोणता कोळी बसून राहतो? आपल्या कोकणातील कोळ्याला विचारा. ही माणसे बसून राहिली. आमिषाचे वाक्य आमच्या घशात अडकते ते येथेच. 1970 मध्ये सुलतान काबूस गादीवर आले, सरकारने आरोग्यखाते उभे केले, तेव्हा मिशनची रुग्णालये त्या खात्यात गेली. मिशनचे डॉ. डोनाल्ड बॉश सरकारी नोकरीत शस्त्रक्रिया करीत राहिले. इमारतीवरील नाव गेले, काम चालूच.

आपल्या आजा-पणजांच्या मुलखात, मिरजेस, डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये काढलेल्या रुग्णालयाचीही कथा फारशी निराळी नाही. तेथे जीव वाचलेल्या कोकण-देशावरच्या कित्येक घरांतील देव्हारे जागच्या जागी राहिले.

ख्रिस्ती बांधवांची ही स्तुती मराठी पानावर कशासाठी, असे काही वाचक विचारतील. आमच्या मंडळात यंदा गणेशचतुर्थीपूर्वी दोन कागद फिरले. एक व्यासपीठावर बोलणाऱ्यांसाठी, दुसरा दर रविवारी इस्पितळात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना भेटणाऱ्यांसाठी. पहिल्यावर सात नावे आली, दुसऱ्यावर दोन. त्या सातांत आमचे नाव होते. दुसरा कागद अजून चिटणिसांच्या घरी आहे.