जंजिऱ्याबाहेरचा सिद्दी

२३ ऑगस्ट हा गुलामांच्या व्यापाराचा स्मरणदिन. १७९१ साली याच तारखेला हैतीतले गुलाम पेटून उठले, म्हणून युनेस्कोने ती निवडली. त्यामुळे त्या दिवशीची भाषणे अटलांटिकच्याच काठावर होतात. बेळगावजवळच्या आम्हां खानापूरकरांना इतक्या लांब जायला नको. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांपैकी जे निसटले, ते घाट चढून रानात शिरले. त्यांचे वंशज, सिद्दी, आपल्या तालुक्यात आणि शेजारच्या हल्याळ-यल्लापुरात राहतात. घरात कोंकणी, बाजारात मराठी नाहीतर कन्नड. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती.

सिद्दी म्हटले की मराठी वाचकाला जंजिरा आठवतो. फार तर मलिक अंबर, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झालेला. तलवार गाजवणारे इतिहासात आले. रानात राबणाऱ्यांना कोण विचारतो? विचारलेच तर लेखकांनी. झांजिबारमधून १९६४च्या क्रांतीनंतर परागंदा झालेले कादंबरीकार अब्दुलरझाक गुर्ना हिंदी महासागराकाठच्या उखडलेल्या माणसांवर लिहीत राहिले. २०२१ साली त्यांना नोबेल मिळाले. केनियाच्या न्गुगी वा थिओंगो यांनी इंग्रजी बाजूला ठेवून तुरुंगात शौचालयाच्या कागदावर गिकुयू भाषेत कादंबरी लिहिली. आपल्या भाषेचा हा हट्ट सीमाभागाला समजावून सांगायला नको. १९५६ साली हा मराठी मुलूख म्हैसूर राज्यात गेल्यापासून आपण दुसरे काय करतो आहोत?

मग आपल्या सिद्दींची गोष्ट कुठे आहे? कागदावर फारशी नाही, कापडावर आहे. सिद्दी बायका जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून ‘कवंद’ शिवतात. काठाकडून मध्याकडे टाके घालत येतात आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंध्यांची ‘फुले’ लावतात. फुलांवाचून कवंद उघडी. या गोधड्या अमेरिकेतल्या प्रदर्शनांत पोचल्या. बेळगावात किती जणांनी पाहिल्या?

सरकारदरबारीही तीच तऱ्हा. उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला, बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना २०२० उजाडावे लागले. म्हणजे सतरा वर्षे एकाच गोतातला एक भाऊ जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे आदिवासी आणि अलीकडचा कुणीच नाही! सीमेचा जाच फक्त आपल्यालाच होतो, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी इथे आपण हौसेने साहित्य संमेलने भरवतो. यंदा एखाद्या सिद्दी आजीला व्यासपीठावर बोलवा. पाहुण्यांपुढे नाच करून दाखवायला नव्हे, बोलायला. तासभर तिच्या कोंकणीत बोलू द्या, ते ध्वनिमुद्रित करा आणि स्मरणिकेत पहिल्या पानावर छापा.