नकाशात पाणी पोहोचलं, मग वरच्या आळीला का नाही?

राळेगणसिद्धी (ता. पारनेर) : 1975 नंतर या गावाने पाऊस अडवला, जिरवला आणि विहिरींना पाणी आणलं. पण विहिरीतलं पाणी प्रत्येक नळाला सारखं पोहोचवणं हे वेगळंच गणित आहे. जलजीवन मिशनमधून पाइपलाइन झाल्या, तरी खालच्या आळीला धो धो आणि वरच्या आळीला थेंब थेंब, ही तक्रार खेड्यापाड्यांत ऐकू येते. त्याचं एक कारण कॉम्प्युटरवरच्या आराखड्यात असू शकतं.

अमेरिकेचं ‘ईपानेट’ आणि आयआयटी मुंबईचं ‘जलतंत्र’ ही त्यासाठीची सॉफ्टवेअर मोफत आहेत. प्रत्येक गल्ली, प्रत्येक नळ त्यात भरायचा तर काम वाढतं. म्हणून बारीक पाइप वगळतात आणि वीस-पंचवीस घरांची मागणी एकाच बिंदूवर धरतात. यात गैर काही नाही, शहरांतही असंच करतात. मुख्य पाइप किती इंची, हे ठरवायला तेवढं पुरतं.

अडचण चढावर येते. समजा, टाकीतलं पाणी वेशीपेक्षा 20 मीटर उंच आहे. पाइपातल्या घर्षणात 8 मीटर गेले, वेशीत 12 मीटर दाब उरला. एकमजली घराला साधारण 7 मीटर लागतो, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण त्याच बिंदूत धरलेली वरची आळी वेशीपेक्षा 8 मीटर उंच असेल, तर तिथे 4 मीटरही उरत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. माणशी 55 लिटरप्रमाणे 2,500 लोकवस्तीला दिवसाला 1,37,500 लिटर लागतं. ते 24 तासांत सोडलं तर सेकंदाला दीड लिटरच्या आसपास; दोनच तासांत सोडलं तर 19 लिटर. प्रवाह बारापट झाला की घर्षणही कितीतरी वाढतं. त्यात कुणी नळाला मोटर लावली, की शेवटचं घर कोरडंच.

म्हणून ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. आराखड्यात सर्वांत उंच आणि सर्वांत लांबचं घर वेगळं धरलंय का? पाणी किती तास सोडायचं धरलंय? तिथे दाब किती येतो? पाणी सोडणाऱ्या माणसालाही बोलवा. कुठली गल्ली कोरडी राहते, हे त्याला पाठ असतं. खड्डे बुजण्याआधी विचारलेलं बरं. नंतर पाइप बदलायचा तर रस्ता पुन्हा उकरावा लागतो.