वेताळाला दहा वाघ कशाला हवेत?

साताऱ्या-सांगलीकडच्या वाचकांनो, त्यातही पोरांना कॉमिक्स घेऊन देणाऱ्या आईबापांनो, एक विनंती आहे. मुखपृष्ठावर पाच-सहा नायक दाटीवाटीने उभे, मागे आगीत लोटलेली पृथ्वी आणि वर अंतराळातून आलेला कुणी सम्राट, असं पुस्तक दिसलं की लगेच खिशात हात घालू नका.

'इंद्रजाल कॉमिक्स' 1964 साली निघालं आणि 1990 मध्ये बंद पडलं. त्या काळात मराठीतून वेताळ, मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन वाचून मोठी झालेली माणसं आज आजोबा झाली आहेत. या तिघांना एकत्र आणायची हौस अमेरिकेत 1986 मध्ये भागवली गेली. 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' नावाची 65 भागांची कार्टून मालिका निघाली आणि पाठोपाठ 1987 मध्ये मार्व्हलने कॉमिक्सही काढलं. त्याचे चारच अंक निघाले. मोंगो ग्रहाचा मिंग पृथ्वीवर चालून येतो आणि आपले सगळे नायक पोराबाळांसह त्याच्याशी लढतात. ऐकूनच अंगावर काटा यावा असा बेत!

आणि वेताळाचं काय केलं? तो मंत्रासारखं काही म्हणतो आणि त्याच्या अंगात दहा वाघांचं बळ येतं.

ली फॉकने 1936 मध्ये उभा केलेला वेताळ आठवा. बापामागून मुलगा तोच वेश चढवतो, म्हणून जंगलातल्या लोकांना वाटतं की हा चारशे वर्षं मेलेलाच नाही. खरं तर तो तुमच्याआमच्यासारखा हाडामांसाचा. गोळी लागली तर रक्त येणारा. उजव्या हाताच्या ठोशाने गुंडाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटते ती अंगठीमुळे, जादूने नव्हे. हे गुपित फक्त वेताळाच्या घरच्यांना, जवळच्यांना आणि वाचणाऱ्या पोराला ठाऊक, सगळी गंमत त्यातच होती. दहा वाघ आले आणि ती गेली. मिंगच्या यंत्रांपुढे साधा माणूस टिकेना, म्हणून त्याला बळ चिकटवलं, एवढाच हिशेब.

कवठेपिरानच्या पैलवान मारुती मानेंचं नाव अभिमानाने घेणाऱ्या आपल्या मुलखाला हे वेगळं सांगायला नको. जोड चुकीची लावली की पैलवान कितीही नावाजलेले असोत, मैदान रंगत नाही. पोस्टर मात्र झकास असतं.

दुसरी फसवणूक पैशाची. अशीच नायकांची गर्दी असलेल्या मार्व्हलच्याच 'सिक्रेट वॉर्स'चे 12 अंक 1984-85 मध्ये आले, तेही मॅटेल कंपनीच्या खेळण्यांच्या जोडीने. खपले म्हटल्यावर लगेच दुसरा भाग. त्याचे मूळ अंक नऊच, पण धागेदोरे इतर मासिकांच्या तिसाहून जास्त अंकांत पसरलेले. त्यात विश्व चुटकीसरशी मिटवू शकणाऱ्या बियाँडरला स्पायडरमॅन शौचालय कसं वापरायचं ते शिकवतो. (खोटं वाटेल, पण खरंच आहे.) ज्याला काहीच अशक्य नाही, त्याच्या गोष्टीत लेखक तरी काय करणार?

म्हणून दुकानात उभ्या उभ्या दोन गोष्टी बघा. गोष्ट याच पुस्तकात संपते का, की शेवटच्या पानावर पुढच्या चार पुस्तकांची जाहिरात आहे? आणि पोराला विचारा, यातल्या तुझ्या आवडत्या नायकाला काय जमत नाही? त्याला चटकन सांगता आलं तर बिनधास्त घ्या. नाहीतर तेवढ्याच पैशात एकाच नायकाची पूर्ण गोष्ट घ्या. तेवढंही नको असेल तर सुट्टीत पोराला पाचगणीजवळच्या भिलारला न्या. 2017 पासून तिथल्या घराघरांत पुस्तकं मांडली आहेत, बसून वाचायला कुणी पैसे मागत नाही.

आणि कराड, मिरज, विट्याच्या एखाद्या माळ्यावर मराठी इंद्रजालचा गठ्ठा असेल तर दिवाळीच्या साफसफाईत किलोच्या भावाने घालवू नका. आधी नातवंडांच्या हातात द्या.