चुंगडीचा टाय

खरं सांगा. तुमच्या फ्लॅटमध्ये ओट्याखाली गावाहून आलेल्या किती पिशव्या पडल्या आहेत? माझ्याकडे आत्ता अकरा आहेत. तांदूळ, तूरडाळ, मोहरी, भिवापुरी मिरचीचं तिखट, जवसाची चटणी आणि दोन अशा, की ज्यात काय आहे ते फक्त उमरेडमध्ये बसलेल्या माझ्या आईला माहीत! सगळ्या दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, सगळ्यांना रबरबँड. गेल्या महिन्यात रूममेटने बेसन समजून ज्वारीच्या पिठाची भजी तळली. आम्ही ती सॉससोबत संपवलीसुद्धा. फ्रीलान्सरच्या घरात अन्न वाया जात नाही.

पण पिशवीत काय आहे हे न कळणं प्रत्येक वेळी इतकं विनोदी नसतं. हे मला कळलं त्याला आता वर्ष होऊन गेलंय.

होळीला घरी गेले होते. उमरेड म्हणजे नागपूरहून तासाभराचं गाव. कोळशाची खाण, कऱ्हांडल्याचे वाघ आणि मिरची, या तीन गोष्टींसाठी लोक आम्हाला ओळखतात. आमची शेती तशी लहान, पण रब्बीला हरभरा असतोच. नवा हरभरा नुकताच घरी आला होता. आतल्या खोलीत दोन चुंगड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: चुंगडी म्हणजे छोटं पोतं.) एकीत नवा हरभरा, दुसरीत पेरणीनंतर उरलेलं बियाणं. पेरण्याआधी त्याला बुरशीनाशक औषध चोळलेलं होतं. एका चुंगडीच्या गाठीत कॅलेंडरच्या पानाचा तुकडा अडकवला होता, बाबांच्या अक्षरात: "बियाणे. औषध लावले आहे."

आईने चिठ्ठी वाचली. ती चुंगडी तिथेच ठेवली. दुसरीतला हरभरा घेतला आणि पुरणासाठी डाळ भरडून आणायला चक्कीवर गेली.

चक्कीवाल्या दादाने मूठभर दाणे हातात घेतले, वास घेतला, तळहात उजेडात धरला. हाताला पुसट गुलाबी भुकटी लागली होती. "काकू, हा पेरायचा हरभरा दिसते. औषध आहे याले. घरी न्या, अन् आधी हात धुवा."

झालं होतं असं, की नवा हरभरा भरताना बाबांना सुतळी सापडेना. त्यांनी जुन्या चुंगडीची सुतळी सोडली आणि नव्या चुंगडीला बांधली. चिठ्ठी सुतळीत होती, ती सुतळीसोबत गेली. चिठ्ठी खरी, अक्षर खरं, पोतं चुकीचं. आईने निष्काळजीपणा केला असता तर एक वेळ समजू शकलो असतो. तिने नीट वाचून, विश्वास ठेवून विष उचललं होतं. त्या दिवशी आमच्याकडे पुरणपोळी झाली नाही. बाबा संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

माझा मावसभाऊ हिंगण्याच्या एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगच्या युनिटमध्ये डाय बनवतो. बादल्यांची झाकणं, बाटल्यांची बुचं, असला सगळा माल. त्याने हे ऐकलं आणि दोन दिवसांनी फोन केला. "ताई, आपल्याले एक टाय बनवायचा आहे. पोत्याचं तोंडही बांधन अन् आत काय आहे ते सांगन. दोन्ही एकाच तुकड्यात. चिठ्ठी वेगळी नाहीच."

मला वाटलं, आठवडाभराचा उत्साह असेल. पण पुढचं वर्षभर तो याच्या मागे आहे, आणि तेव्हापासून मला कुठलीही पिशवी साधी दिसत नाही!

आता हा टाय म्हणजे काय? इलेक्ट्रिशियनकडे असतो ना, पांढरा किंवा काळा पट्टा, एक टोक डोक्यात घालून ओढायचं, कर्रर्र आवाज येतो आणि मग तो सुटतच नाही. तोच, केबल टाय. त्याचा जनक मॉरस लोगन, अमेरिकेतल्या थॉमस अँड बेट्स कंपनीचा माणूस. १९५६मध्ये तो बोइंगच्या विमान कारखान्यात गेला होता. तिथे कामगार वायरींचे जुडगे मेण लावलेल्या दोऱ्याने गाठी मारमारून बांधत होते आणि हात सोलवटून घेत होते. १९५८मध्ये त्याचा टाय तयार झाला. फंडा सोपा आहे. पट्ट्यावर बारीक दाते, डोक्यात एक जीभ. जीभ दात्यांवरून पुढे सरकू देते, मागे येऊ देत नाही. सुरुवातीला ही जीभ धातूची होती, नंतर अख्खा टाय नायलॉनचा झाला.

ब्रेडच्या पिशवीची ती चपटी क्लिप मात्र वेगळ्या घराण्यातली. फ्लॉइड पॅक्स्टनने १९५२मध्ये विमानात बसल्या बसल्या शेंगदाण्याच्या पुडीसाठी प्लास्टिकचा तुकडा चाकूने कोरून पहिली क्लिप केली, असं सांगतात. पुढे ती सफरचंदांच्या पिशव्यांना लागली, मग पावाला. तिच्यावर तारीख छापता येते, रंग बदलता येतो. म्हणजे बांधणं आणि सांगणं एकत्र करण्याची आयडिया काही नवी नाही. पण ती हलक्या पिशवीला ठीक. चाळीस-पन्नास किलोचं पोतं हमालाच्या पाठीवर चढतं तेव्हा ती क्लिप कुठे उडेल ते शोधावं लागेल.

भावाने आधी बाजारातले लेबलवाले टाय आणले. हे मिळतात. डोक्याशी एक चपटं पान असतं, त्यावर लिहायचं. आम्ही ते घेऊन भिवापूर रोडवरच्या एका मिरचीच्या सातऱ्यावर गेलो. सातरा म्हणजे जिथे बायका रांगेने बसून वाळल्या मिरचीचे देठ खुडतात ती जागा. आत पाऊल टाकलं की तुम्ही आधी शिंकता, मग बोलता. तिथे आमच्या टायची जी काही निघाली, ती कुठल्याही डिझाइन कॉलेजच्या ज्युरीने काढली नसती.

पहिली गोष्ट, अरुंद टाय पोत्यात रुततो आणि प्लास्टिकचं पोतं कापतो. दुसरी, मिरचीची पूड डोक्यात शिरली की जीभ बसत नाही, दोन झटक्यांत सुटतं. तिसरी, ते पान बाजूला कान फुटल्यासारखं उभं राहतं, एकावर एक थप्पी लावली की मोडतं. चौथी गोष्ट एका मावशीने सांगितली, आणि तिने तर टायला हातही लावला नव्हता. "अन् हे खोलाले कैची कोण आणून देणार?" शेजारच्या हमालाने उत्तर म्हणून आपल्या पोत्याच्या सुतळीचं टोक ओढलं. सरकगाठ एका हाताने सुटली. सगळ्या हसल्या. भाऊसुद्धा हसला, पण जरा उशिरा.

उन्हाची गंमत तर वेगळीच. नायलॉन हवेतलं पाणी पितं आणि त्यामुळेच चिवट राहतं. कोरडं पडलं की ते ठिसूळ होतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर आणि हवेत ओलावा नावाला. टिनाच्या शेडमध्ये उघडं राहिलेलं टायचं पाकीट जूनमध्ये वापरायला काढलं, तर टाय वाकवतानाच कडाकड तुटले. वर सूर्यप्रकाश पांढऱ्या नायलॉनला खातो तो वेगळा. काळे टाय जास्त टिकतात, कारण त्यात काजळी मिसळलेली असते. पण काळ्यावर लिहिणार कशाने?

मग रुंद पट्टा आला, मोठे दाते आले, पान आडवं होऊन पट्ट्यावरच झोपलं. अंगठ्याने दाबली की उचलली जाईल अशी जीभ आली. म्हणजे परत वापरता येईल, कचरा होणार नाही, नांगराखाली तुकडे येणार नाहीत, गाईच्या पोटात जाणार नाही. मी खूश! आपल्या कॉलममध्ये इको-फ्रेंडली म्हणून छापता येईल, असंही मनात आलं. (सॉरी, सवय आहे.)

बाबांनी तो टाय हातात घेतला, उघडला, लावला, परत उघडला. आणि म्हणाले, "अरे, मी सुतळीचं जे केलं तेच याचंही करीन ना."

बरोबर होतं. परत वापरता येणारा टाय उद्या दुसऱ्या पोत्याला लागणार, आणि त्याच्यावरचं नाव सोबत जाणार. माल संपला तरी चिठ्ठी जिवंत राहिली, की ती खोटं बोलायला लागते. आमच्या घरी नेमकं तेच झालं होतं.

आणि फक्त आमच्याच घरी नाही. हे मी शोधत होते तेव्हा इराकची गोष्ट वाचली आणि लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसती बसले. १९७१च्या शेवटी इराकमध्ये परदेशातून गव्हाचं बियाणं आलं, पाऱ्याचं बुरशीनाशक लावलेलं. खाऊ नये म्हणून गुलाबी-लाल रंग दिलेला. पोत्यांवर इशाराही छापलेला, पण स्पॅनिश आणि इंग्रजीत. कवटी आणि हाडांच्या चित्राचा अर्थ तिथल्या शेतकऱ्यांना माहीत नव्हता. काही ठिकाणी बियाणं पेरणी उलटून गेल्यावर पोचलं. लोकांनी गहू धुतला, रंग गेला, म्हणजे विष गेलं असं समजून भाकऱ्या केल्या. सरकारी आकड्यांप्रमाणे साडेसहा हजारांवर माणसं दवाखान्यात गेली आणि ४५९ मेली. सगळ्या सूचना पोत्यावर होत्या. फक्त पोतं उघडणाऱ्यासाठी नव्हत्या.

आपल्याकडची बियाण्याची टॅग या बाबतीत हुशार आहे, हे मला त्यानंतर जाणवलं. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी टॅग असते, पायाभूत बियाण्याला पांढरी, पैदासकाराच्या बियाण्याला सोनेरी पिवळी. अक्षर वाचायच्या आधी रंग बोलतो. आणि ती नुसती अडकवलेली नसते, पिशवीच्या तोंडासोबत शिवलेली असते. शिवण उसवल्याशिवाय बदलता येत नाही. २०२०च्या खरिपात महाराष्ट्रभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारी झाल्या, तेव्हा कृषी खातं शेतकऱ्याकडे काय मागत होतं? बिल आणि टॅग. ज्याने टॅग जपून ठेवली, त्याच्या हातात निदान काही होतं.

भावाने मग एका टायचे दोन केले. घरच्या डाळी-तांदळासाठी अंगठ्याने सुटणारा, खरखरीत पानाचा. त्यावर साध्या पेन्सिलीने लिहायचं, ओल्या बोटाने पुसायचं. नाव कायमचं नाहीच, त्यामुळे प्रत्येक वेळी लिहावं लागतं. आणि औषध लावलेल्या बियाण्यासाठी दुसरा, न सुटणारा. यात त्याने एक झकास चाल केली. टाय आवळला की पट्टा पोत्यात इतका रुतून बसतो की कात्री घालायला जागा एकच उरते, पानाच्या मधोमध. म्हणजे पोतं उघडायचं तर चिठ्ठीच कापावी लागणार. दुसऱ्या पोत्याला ती लागूच शकत नाही. पानाला एक त्रिकोणी भोकही ठेवलं. आईचा चष्मा नेहमी देवघरात असतो आणि धान्याच्या खोलीत दिवा मिणमिणता, तर बोट लागताच कळावं म्हणून. रंग अर्थातच लाल. डेंजर!

इथे थोडी भांडणंही झाली. मी म्हटलं, एकदाच वापरून फेकायचं प्लास्टिक तू २०२६मध्ये नव्याने बनवतोयस? तो म्हणाला, "ताई, वर्षाला घरटी दोन-तीन लागन. तुझ्या एका कुरिअरच्या पाकिटात याहून जास्त प्लास्टिक असते." मला लगेच उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही, पण मला ते पूर्ण पटलंय असंही नाही.

जानेवारीत त्याने हाताने कापून, जोडून केलेले पंधरा-वीस नमुने आईकडे ठेवले. डायला लाखांत खर्च येतो, त्यामुळे आधी घरच्यांवर प्रयोग. गेल्या आठवड्यात आईचं नवं पार्सल आलं. उघडून बघते तर डाळींना पेन्सिलीने लिहिलेले पांढरे टाय, आईच्या अक्षरात. "तूर. जुनी, आधी संपव." मला भरूनच आलं. आणि तिखटाच्या पिशवीला लाल टाय. त्रिकोणी भोकाचा. विषाचा.

फोन लावला. "आई, अगं, लाल टाय तिखटाला का लावलास?"

"मग काय पांढरा लावू? मिरची आहे ना ती."

मी भावाला कॉन्फरन्सवर घेतलं. तो बराच वेळ गप्प. मिरचीच्या गावात लहानपण काढलेला मुलगा, वर्षभर लाल म्हणजे धोका म्हणून डोकं लावत होता! उमरेडच्या आमच्या घरात लाल म्हणजे तिखट, लाल म्हणजे जेवण. शेवटी त्याने विचारलं, "मावशी, मग कोणत्या रंगाचं काही तू तोंडात घालणार नाहीस?"

आईने क्षणभरही विचार केला नाही. "निळं. निळं काही असते का खायचं?"

बियाण्याच्या टॅगचा रंग. मावसभाऊ फोनवरच ओरडला. निळे नमुने तयार आहेत, पुढच्या शनिवारी तो ते घेऊन उमरेडला जातोय. आणि माझ्या तिखटाच्या पिशवीवरचा लाल टाय अजून तसाच आहे, कारण घरात कात्री सापडत नाहीये.