इंटरनेट गावठाणातच का अडते?



सरकारने शेतकऱ्याचा सारा कारभार मोबाइलवर नेऊन ठेवला आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणीत पिकाची नोंद आपणच करायची, तीही शेतात जाऊन, फोटो काढून. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सक्तीची झाली. नोंदणी चुकली की खेडा खरेदीवाला काटा घेऊन दारात उभाच आहे. आता सांगा, सिग्नल कुठे? गावातल्या घरात. पीक कुठे? दोन किलोमीटरवर शिवारात. आणि कापूस वेचणीला माणसे कुठे? शिवारातच!

यावर आपण काय करतो? टॉवरसाठी निवेदने देतो. साहेब निवेदन घेतात, फोटो काढतात, फाइल बंद होते. चार वस्त्यांसाठी टॉवर उभारण्यात कंपनीला नफा दिसत नाही, म्हणून ती येत नाही. ग्रामपंचायतीपर्यंत केबल नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचेच नाव भारतनेट झाले. आपल्या पंचायतीतली पेटी चालू आहे की धूळ खाते आहे, हे प्रत्येकाने स्वतः जाऊन पाहावे.

दुसरा लुटारू म्हणजे बूस्टर विकणारा. चार अँटेनांचा राउटर घ्या, सिग्नल शेतात जाईल, असे तो सांगतो. साफ खोटे आहे. घरचा राउटर म्हणजे मोकाट पाणी. चारी दिशांना सांडते आणि थोड्या अंतरावर जिरते. शिवाय घरून जोरात ओरडून भागत नाही, शेतातल्या मोबाइलचे उत्तरही परत पोचले पाहिजे, आणि मोबाइलचा आवाज लहान असतो. साधा रिपीटर लावला तर एकाच रेडिओने ऐकायचे आणि बोलायचेही, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. मोबाइल टॉवरचा बूस्टर तर विनापरवाना लावणे हा गुन्हा आहे.

पाणी लांब न्यायचे तर आपण पाट मोकळा सोडत नाही, पाइपलाइन टाकतो. इंटरनेटचेही तसेच आहे. घराच्या छतावर एक डिशवाला आउटडोअर रेडिओ, विहिरीवरच्या खोलीवर दुसरा, दोघांची तोंडे एकमेकांकडे. सगळी ताकद एकाच दिशेला जाते आणि परतीचे बोलणेही तितक्याच ताकदीने येते. विहिरीवर पुन्हा एक साधा राउटर लावला की आसपासच्या शंभरेक मीटरवर मोबाइल चालतो.

हे प्रयोगशाळेतले स्वप्न नाही. तामिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने २००६ च्या सुमारास असेच वायफाय दूरच्या खेड्यांतील केंद्रांपर्यंत नेले. खेड्यातला रोगी पडद्यावरून डॉक्टरशी बोलू लागला. आपल्याच पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पाड्यांना बिनतारी जोडून दाखवले. व्हेनेझुएलात २००७ मध्ये दोन डोंगरांमधून वायफाय ३८२ किलोमीटर गेले. आपल्याला दोनच न्यायचे आहे.

परवाना लागतो का? नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये, आणि उघड्यावर वापरायला ५ गिगाहर्ट्झचे मोठे पट्टे २०१८ मध्ये परवानामुक्त झाले. मान्यताप्राप्त रेडिओ घ्यावा, ठरलेली शक्ती ओलांडू नये, एवढेच.

मात्र पाइपलाइनला जसा उतार, तशी याला नजर लागते. या डिशवरून ती डिश दिसली पाहिजे. नुसती दिसूनही भागत नाही. दोन किलोमीटरच्या अंतरात मधोमध त्या रेषेभोवती चहूकडे दहा फूट मोकळे हवे. दहा फुटी ज्वारी उभी असेल तर रेषा जमिनीपासून वीस फुटांवर पाहिजे. सपाट रानात दोन्ही टोकांचे पाइप त्याच हिशेबाने उभे करावेत. उन्हाळ्यात साग उघडा असतो, तेव्हा सिग्नल मिळतो आणि श्रावणात पाने आली की जातो. म्हणून जागा पावसाळ्यात तपासावी. शेतातला रेडिओ आठ-दहा वॅटवर चालतो. शंभर वॅटचे सोलर पॅनल आणि एक चांगली बॅटरी पुरते. लोखंडी पाइपाला अर्थिंग द्या, नाहीतर पहिल्याच वळवाच्या विजेत सगळे जाईल.

एकट्याला खर्च जड वाटेल. मग पाच जणांनी मिळून करा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात गावचा दुकानदार किंवा बचत गटही वायफाय विकू शकतो. त्याला परवाना नाही, फीही नाही. कंपन्या अशा लहान विक्रेत्यांना अवाच्या सवा दर लावत होत्या. जून २०२५ मध्ये ट्रायने बंधन घातले, की २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर जोडणीच्या दुपटीहून जास्त दर त्यांना लावता येणार नाही. हा हक्क आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? कंपनीचा माणूस स्वतःहून सांगणार नाही.

जिल्हा बैठकीत तीन ठराव व्हावेत. एक, ज्या पंचायतीत पेटी बंद आहे तिथे ग्रामसभेत जाब विचारायचा आणि ती चालू होईपर्यंत हटायचे नाही. दोन, जिथे शेतात सिग्नल नाही तिथे शेतकऱ्याचा हक्क ॲपवर टांगू नये. कागदावरची नोंद ग्राह्य धरली पाहिजे. तीन, प्रत्येक तालुक्यात एक जोडणी आपण स्वतः उभी करून दाखवायची. आयटीआय झालेली आपली पोरे घरी बसून आहेत, त्यांना पाइपावर चढू द्या.

विहिरीचे पाणी शेताच्या टोकापर्यंत आपणच नेले, त्यासाठी कोणाची वाट पाहिली नाही. इंटरनेटही आपणच नेऊ. मात्र सरकारने आपल्या पेटीचे कुलूप काढावे!