भावाची डिग्री, बहिणीचा हिस्सा

मागच्या आठवड्यात एक पालक शाळेत आले. दारव्हा तालुक्यात त्यांची पाच एकर कोरडवाहू जमीन. कापूस आणि तूर. हातात एजंटाचं रंगीत पत्रक: किर्गिझस्तानात एमबीबीएस, सहा वर्षांचे 25 लाख. म्हणाले, "सर, तीन एकर विकली तर भागतं. मुलगा डॉक्टर होईल ना?" त्यांची मुलगी माझ्या नववीच्या वर्गात पहिली येते. मी विचारलं, "आणि मुलीचं?" ते म्हणाले, "तिचं बघू पुढे."

या 'बघू पुढे'बद्दल मला बोलायचं आहे.

आधी पत्रकाचा हिशेब. त्यात फी, होस्टेल, विमानाचं तिकीट सगळं आहे. नाही ते असं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021 च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा. तिथे 12 महिने इंटर्नशिप, परतल्यावर इथे आणखी 12 महिने. सगळं 10 वर्षांच्या आत. शिवाय एफएमजीई ही परीक्षा, 300 पैकी 150 गुण हवेत. डिसेंबर 2023 च्या सत्रात शंभरातले साधारण वीसच पास झाले. बाकीच्यांच्या कोचिंगचे, शहरातल्या खोलीचे आणि वाया गेलेल्या वर्षांचे पैसे कुठल्या पत्रकात छापलेले असतात? 2022 मध्ये युक्रेनमधून हजारो मुलं शिक्षण अर्धवट सोडून परतली. मे 2024 मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या होस्टेलवर जमाव चालून गेला. ती जोखीमही पालकाच्याच खात्यावर.

मग गरिबाच्या पोराने डॉक्टर होऊच नये का? जरूर व्हावं. यवतमाळला 1989 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, पण जागा मोजक्या. खाजगी कॉलेजची फी ऐकूनच माणूस एजंटाकडे वळतो. बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कला शिकायला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. आज अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जाच्या व्याजाला मदत करणारी 'पढो परदेश' योजना केंद्राने 2022-23 पासून बंद केली. ती पदव्युत्तर आणि पुढच्या शिक्षणापुरतीच होती, पण तीही गेली. हा सरकारचा दोष आहे आणि तो मोठ्याने सांगितलाच पाहिजे.

पण सरकारला बोल लावून आपली सुटका होत नाही. शरियतने मुलीला वारसाहक्क दिला, याचा आपण भाषणांत अभिमान सांगतो. आणि तो हक्क मिळायची वेळ येण्याआधीच जमीन विकून मोकळे होतो! एका मुलाला दिलेल्या देणगीवर साक्षीदार व्हा, असं म्हणत एक सहाबी पैगंबरांकडे (स.) आले. त्यांनी विचारलं, सगळ्या मुलांना असंच दिलंस का? उत्तर नाही आलं, तेव्हा त्यांनी साक्षीला नकार दिला.

कुणी म्हणेल, तालीम ही गरज आहे, देणगी नव्हे. मान्य. मग ती गरज मुलीची नाही का?

म्हणून पालकांना माझं सांगणं एवढंच. जमिनीचा सौदा करण्याआधी एका कागदावर दोन गोष्टी लिहा. मुलगा दोनदा नापास झाला तर पुढचा खर्च कुठून येणार? आणि मुलीच्या शिक्षणासाठी किती रक्कम बाजूला ठेवली? दुसरी जागा कोरी राहत असेल, तर तुम्ही मुलाला शिकवत नाही आहात, मुलीच्या पैशांवर जुगार खेळत आहात.